कॅनडात आल्यावर मूव्हिंगचा खर्च टॅक्समधून वजा होतो का? होतो, पण कुठला ते नीट समजून घ्या

सगळ्यात आधी मुद्द्याचं सांगते, कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो आणि आमचाही झाला. तुम्ही पीआर (कायम राहण्याची परवानगी) घेऊन किंवा वर्क परमिटवर भारतातून, दुबईहून, अमेरिकेतून, कुठूनही कॅनडात आलात तर त्या येण्याचा खर्च टॅक्समधून वजा करता येत नाही. विमानाची तिकिटं नाहीत, जादा बॅगांचे पैसे नाहीत, जहाजाने मागवलेलं सामान नाही, आल्या आल्या पंधरा दिवस राहिलात त्या घराचं भाडं नाही. पण त्यानंतर कॅनडाच्या आत नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेलात तर तो खर्च वजा होतो, आणि ही रक्कम बऱ्यापैकी मोठी असते. म्हणजे लोक जो खर्च दाखवायला जातात तो चालत नाही आणि जो चालतो तो दाखवायचा असतो हेच त्यांना माहीत नसतं.

आमचं काय झालं ते थोडक्यात. आम्ही ऑक्टोबर २०२२ मध्ये लँड झालो, ब्रॅम्प्टनला एका बेसमेंटमध्ये राहिलो, नवऱ्याने मिळेल ते काम धरलं. पहिलं रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा ज्यांच्याकडून भरून घेतलं त्यांनी सांगितलं की तिकिटांचा खर्च मूव्हिंगमध्ये टाकून देऊ, सगळे टाकतात. टाकला. काही महिन्यांनी सीआरएचं, म्हणजे कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीचं पत्र आलं की या खर्चाच्या पावत्या पाठवा, आम्ही पाठवल्या, आणि त्यांनी तो सगळा खर्च काढून टाकून रीअसेसमेंट केलं. मिळालेला रिफंड व्याजासकट परत भरावा लागला. रक्कम काही शे डॉलरच होती, पण नवीन देशात पहिल्याच वर्षी सरकारचं असं पत्र आलं की पोटात गोळा येतो, ते ज्याला आलं त्यालाच कळतं.

आणि खरं नुकसान त्याच्या पुढे झालं. मार्च २०२३ मध्ये नवऱ्याला कॅल्गरीत त्याच्या लाइनमधली नोकरी लागली आणि आम्ही तिकडे गेलो, पण मूव्हिंगचा खर्च आपल्याला चालतच नाही असं डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे २०२३ च्या रिटर्नमध्ये आम्ही एक डॉलरसुद्धा दाखवला नाही. २०२५ मध्ये मी स्वतः बसून नियम वाचले तेव्हा कळलं की हा दुसरा मूव्ह पूर्णपणे बसतो. मग जुनं रिटर्न दुरुस्त केलं आणि पैसे आले. म्हणून हे सगळं लिहितेय.

तर नियम काय आहे. इन्कम टॅक्स अॅक्टच्या कलम ६२ मध्ये हे आहे. नोकरी सुरू करायला, धंदा चालवायला किंवा कॉलेज-युनिव्हर्सिटीत फुलटाइम शिकायला तुम्ही घर बदललं आणि नवीन घर हे नवीन कामाच्या जागेला जुन्या घरापेक्षा किमान ४० किलोमीटर जवळ असलं, तर खर्च वजा करता येतो. दोन्ही घरं साधारणपणे कॅनडातली असली पाहिजेत, न्यूकमरचा, म्हणजे नव्याने आलेल्याचा, पहिला मूव्ह बसत नाही तो याचमुळे, कारण त्याचं जुनं घर कॅनडाबाहेर असतं. व्हिसा कुठला आहे याचा या हिशोबात संबंध येत नाही, वर्क परमिटवाला माणूससुद्धा टोरोंटोहून कॅल्गरीला नोकरीसाठी गेला तर क्लेम करू शकतो.

ते ४० किलोमीटरचं गणित लोक चुकतात, म्हणून नीट बघा. जुनं घर ते नवीन घर हे अंतर मोजायचंच नाही. जुन्या घरापासून नवीन ऑफिसपर्यंतचं अंतर घ्यायचं, त्यातून नवीन घरापासून नवीन ऑफिसपर्यंतचं अंतर वजा करायचं, आणि उत्तर ४० किंवा जास्त आलं पाहिजे. समजा जुन्या घरापासून ऑफिस ६२ किलोमीटर होतं आणि नवीन घरापासून ९ आहे, तर फरक ५३, चाललं. जुन्या घरापासून ४५ आणि नवीन घरापासून १० असेल तर फरक ३५, नाही चालत, मग तुम्ही मूव्हर्सना कितीही पैसे दिलेले असोत. हे अंतर नेहमीच्या रस्त्याने सगळ्यात जवळचं जे पडतं ते घ्यायचं, नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषेत नाही. ही गोष्ट १९९५ साली फेडरल कोर्ट ऑफ अपीलमध्ये ठरलेली आहे, त्यामुळे निर्धास्त रस्त्याचं अंतर धरा. मॅपवरचा रूट काढून त्याचा स्क्रीनशॉट फाइलमध्ये ठेवा. प्रांत बदलला असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही, पण ब्रॅम्प्टनहून ऑशवा किंवा सरीहून अॅबट्सफर्ड अशा मूव्हमध्ये एकेक किलोमीटर बघावा लागतो.

दुसरी अट शब्दांत साधी पण न्यूकमर्ससाठी फार महत्त्वाची आहे. जुनं घर हे तुमचं नेहमीचं राहण्याचं घर असलं पाहिजे. म्हणजे टोरोंटोला उतरलात, आठ दिवस ओळखीच्यांकडे किंवा भाड्याच्या खोलीत काढलेत आणि सरळ कॅल्गरीला गेलात, तर टोरोंटो हे तुमचं जुनं घर होतं असं म्हणणं अवघड आहे, ते प्रवासातलं थांबणं झालं, तुमचं जुनं घर भारतातलंच. पण तुम्ही लीज केलं, पत्ता बदलला, मुलांना शाळेत घातलं, हेल्थ कार्ड काढलं, काही महिने तिथे खरंच राहिलात तर ते तुमचं घर होतं. नक्की किती महिने असा आकडा कायद्यात नाही, सगळी परिस्थिती बघतात. आम्ही साधारण साडेपाच महिने ब्रॅम्प्टनला होतो, लीज होतं, हेल्थ कार्ड, बँक स्टेटमेंट, मुलीच्या शाळेची नोंद सगळं त्या पत्त्यावर होतं. तुम्ही बेसमेंटमध्ये तोंडी व्यवहारावर राहत असाल तर निदान भाड्याचे ई-ट्रान्सफर आणि त्या पत्त्यावर आलेली पत्रं सांभाळून ठेवा. कॅश देऊन राहणाऱ्यांना पुढे हेच सिद्ध करता येत नाही.

परदेशातून आलेल्यांपैकी दोन प्रकारच्या लोकांना मात्र थेट तिकडून येण्याचा खर्च मिळू शकतो. पहिला प्रकार म्हणजे जे टॅक्सच्या दृष्टीने कॅनडाचे रेसिडेंट राहिलेलेच आहेत. उदाहरणार्थ कॅनडात स्थायिक झालेला माणूस दोन वर्षं कामासाठी बाहेर गेला, बायको-मुलं आणि घर इथेच होतं, बाहेर असतानाही तो इथे टॅक्स भरत होता, आणि आता कॅनडात नवीन ठिकाणी कामाला परत आला. याला फॅक्च्युअल रेसिडेंट म्हणतात, डीम्ड रेसिडेंट असाही एक प्रकार आहे ज्यात परदेशी नेमणुकीवर असलेले सरकारी कर्मचारी वगैरे येतात. यांना बाकीच्या अटी बसल्या तर खर्च वजा करता येतो. नुसतं पीआर कार्ड खिशात आहे म्हणजे फॅक्च्युअल रेसिडेंट असं नाही बरं का, पीआर हा इमिग्रेशनचा स्टेटस आणि टॅक्स रेसिडेन्सी वेगळी, यात गल्लत करू नका.

दुसरा प्रकार विद्यार्थी. फुलटाइम शिकायला कॅनडात आलात आणि तुम्हाला इथली स्कॉलरशिप, फेलोशिप, बर्सरी किंवा रिसर्च ग्रँट मिळतेय तर येण्याचा खर्च दाखवता येतो, पण फक्त त्या रकमेच्या टॅक्सेबल भागातून. आता गोम अशी की फुलटाइम विद्यार्थ्याची स्कॉलरशिप बहुतेक वेळा पूर्ण टॅक्स-फ्री असते, मग वजा करायचं कशातून? त्यामुळे प्रत्यक्षात याचा उपयोग होतो तो मुख्यतः टॅक्सेबल रिसर्च ग्रँट असलेल्यांना. डिप्लोमाला आलेल्या मुलांनी यात वेळ घालवू नये. त्यांच्यासाठी कामाची गोष्ट वेगळीच आहे. कोर्स संपल्यावर थंडर बे किंवा सडबरीहून टोरोंटोला नोकरीला गेलात, किंवा समर जॉबसाठी, को-ऑपसाठी (कोर्सचाच भाग म्हणून करायची नोकरी) दुसऱ्या शहरात जाऊन राहिलात, तर तो मूव्ह नोकरीचा मूव्ह धरला जातो आणि त्या नोकरीच्या पगारातून खर्च वजा होतो. मुलं हे जवळजवळ कधीच दाखवत नाहीत. तुमच्या घरात कोणी असं असेल तर आजच सांगा.

आता काय काय दाखवता येतं. सामान नेण्याचा खर्च पूर्ण, म्हणजे मूव्हर्स, पॅकिंग, ट्रक किंवा कंटेनर भाड्याने घेतला तर तो, वाटेत सामान कुठे ठेवावं लागलं तर ते स्टोरेज, सामानाचा इन्शुरन्स. तुमचा आणि घरातल्या सगळ्यांचा प्रवास, गाडीने असो की विमानाने, वाटेतलं जेवण, वाटेतला मुक्काम. घरातले सगळे एकत्र किंवा एकाच दिवशी गेले पाहिजेत असंही नाही, नवरा आधी गेला आणि शाळा संपल्यावर बायको-मुलं गेली तरी दोन्ही प्रवास चालतात. मग नवीन गावात किंवा जुन्या गावात घराजवळ तात्पुरतं राहावं लागलं तर जास्तीत जास्त १५ दिवसांचं राहणं आणि जेवण. जुन्या घराचं लीज मोडायला जे पैसे द्यावे लागले ते. नवीन पत्त्यासाठी कायदेशीर कागदपत्रं बदलायचा खर्च, ड्रायव्हिंग लायसन्स आणि गाडीचं परमिट बदलायची फी (गाडीचा इन्शुरन्स नाही), वीज-पाणी-गॅस तोडायचा आणि जोडायचा खर्च.

स्वतःचं घर होतं आणि ते विकलं तर यादी मोठी होते. एजंटचं कमिशन, वकिलाची फी, जाहिरात, मुदतीआधी मॉर्गेज (घरकर्ज) फेडल्याचा दंड, हे सगळं चालतं. घर रिकामं पडलं होतं आणि तुम्ही ते खरंच विकायचा प्रयत्न करत होतात तर त्या काळातलं व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स आणि हीटिंग वगैरे मिळून ५,००० डॉलरपर्यंत. जुनं घर विकून नवीन घेतलं तर नवीन घराची वकिलाची फी आणि लँड ट्रान्सफर टॅक्ससुद्धा. लक्षात ठेवा, आधी भाड्याने राहत होतात आणि नवीन गावात पहिलं घर घेतलं तर हा नवीन घराचा खर्च मिळत नाही, त्यासाठी जुनं घर विकलेलं असावं लागतं.

जेवणाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे लोक सोडून देतात. पावत्या नाहीत म्हणून जेवण दाखवायचं नाही असं नसतं. सिम्प्लिफाइड मेथड म्हणून एक पद्धत आहे, त्यात माणशी एका जेवणाचे २३ डॉलर आणि दिवसाला जास्तीत जास्त ६९ डॉलर धरता येतात, पावती न ठेवता. तुम्ही काय खाल्लं, किती खर्च केला, काही विचारत नाहीत, फक्त किती दिवस आणि किती माणसं हे खरं असलं पाहिजे आणि दाखवता आलं पाहिजे. तिघांचं कुटुंब असेल तर दिवसाला २०७ डॉलर होतात, बारा दिवसांचे २,४८४. गाडीने गेलात तर गाडीलाही अशीच पद्धत आहे, किलोमीटरला ठरावीक सेंट्स, दर प्रांताप्रमाणे वेगळा आणि प्रवास जिथून सुरू झाला त्या प्रांताचा दर लागतो, दरवर्षी बदलतो म्हणून त्या त्या वर्षाचा दर सीआरएच्या साइटवरून घ्या. टोरोंटो ते कॅल्गरी रस्त्याने साधारण ३,४०० किलोमीटर पडतं, म्हणजे नुसत्या गाडीच्या किलोमीटरचीच रक्कम केवढी होते विचार करा. राहण्याला मात्र अशी सूट नाही, हॉटेलची किंवा भाड्याच्या घराची पावती लागतेच लागते.

जे चालत नाही तेही बघून घ्या, कारण असली एखादी ओळ टाकली की पूर्ण क्लेमवर शंका येते. नोकरी शोधायला किंवा इंटरव्ह्यूला त्या शहरात जाऊन आलात तो खर्च नाही. मूव्हच्या आधी घर बघायला गेलात ती ट्रिप नाही. घर विकायला रंगरंगोटी, दुरुस्ती केली ती नाही, घर तोट्यात गेलं तर तो तोटा नाही. भाड्याचं घर सोडताना घरमालकाच्या मनासारखं साफ करून दिलं तो खर्च नाही. नवीन घरात पडदे, गालिचे घेतले ते नाही. पोस्टात पत्रं नवीन पत्त्यावर वळवायची सेवा घेतली त्याचे पैसेही नाहीत, हे मला आश्चर्याचं वाटलं पण नियम तसा आहे. भारतातून आणलेल्या मिक्सरला ट्रान्सफॉर्मर घेतलात, तोही नाही, हे तर यादीत चक्क लिहिलेलं आहे. मूव्हर्सनी न्यायला नकार दिलेली झाडं, फ्रिजमधलं सामान, रंगाचे डबे यांची किंमतही नाही.

आणि फक्त दुसरीकडे भाडं कमी आहे म्हणून हललात, नोकरी तीच आणि कामाची जागाही तीच, तर तो मूव्ह या नियमात येत नाही. मूव्हमागे नवीन कामाची जागा असायला लागते.

कंपनीने पैसे दिले असतील तर काय? कंपनीने तुमची बिलं भरली किंवा परत दिली आणि ती रक्कम तुमच्या टी४ वर, म्हणजे कंपनी देते त्या वर्षाच्या पगाराच्या स्लिपवर, उत्पन्न म्हणून आली नाही, तर तेवढा खर्च तुम्ही दाखवू शकत नाही, राहिलेला दाखवा. पण कंपनीने रिलोकेशन बोनस म्हणून ठोक रक्कम दिली आणि ती टी४ मध्ये पगारात धरली, तर तुम्ही पूर्ण खर्च वजा करू शकता. बरेच जण बोनस मिळाला म्हणून क्लेम करत नाहीत, त्यांचा दुहेरी तोटा होतो, बोनसवर टॅक्स पण जातो आणि खर्चही वजा होत नाही. म्हणून टी४ हातात आला की आधी एचआरला विचारा, ही रक्कम कुठल्या बॉक्समध्ये धरली आहे.

आता प्रत्यक्ष भरणं. फॉर्म आहे टी१-एम, आणि तिथून आलेली रक्कम रिटर्नच्या लाइन २१९०० वर जाते. टॅक्सच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मूव्हिंग एक्स्पेन्सेस असा भाग असतो, तो उघडला की जुना पत्ता, नवीन पत्ता, मूव्हची तारीख, नोकरी सुरू झाल्याची तारीख, कंपनीचं नाव-पत्ता, ती दोन अंतरं आणि मग एकेक खर्च विचारतो. शेवटी नवीन ठिकाणी त्या वर्षी किती कमावलं ते विचारतो आणि इथे थांबून नीट भरा. खर्च फक्त नवीन ठिकाणच्या उत्पन्नातून वजा होतो. जानेवारी ते मार्च जुन्या गावातला पगार यात धरायचा नाही, ईआयचे (बेरोजगारी विम्याचे) पैसे पण नाही. समजा डिसेंबरमध्ये गेलात, एकाच महिन्याचा ४,००० पगार झाला आणि खर्च ९,००० आहे, तर त्या वर्षी ४,००० दाखवा आणि उरलेले ५,००० पुढच्या वर्षी त्याच ठिकाणच्या उत्पन्नातून. वाया जात नाहीत, पण पुढच्या वर्षी आठवणीने घ्यावे लागतात. नवरा-बायको दोघांनाही नवीन गावात काम लागलं असेल तर क्लेम कोणाच्या रिटर्नमध्ये जास्त फायद्याचा आहे ते बघा, पण एकच खर्च दोघांनी दाखवायचा नाही. क्युबेकमध्ये राहत असाल तर प्रांताचं रिटर्न वेगळं असतं, तिथे टीपी-३४८ फॉर्म आणि लाइन २२८, तेही भरायला विसरू नका.

आमचे आकडे देते म्हणजे अंदाज येईल. कंटेनर २,९५०. तिघांची विमानाची तिकिटं १,१४०. प्रवासाच्या दिवसाचं जेवण २०७. कॅल्गरीत घर मिळेपर्यंत १२ रात्री राहणं १,५६०, आणि त्या बारा दिवसांचं जेवण वर सांगितलं तसं २,४८४. ब्रॅम्प्टनचं लीज वर्षाचं होतं, ते मोडायला घरमालकाने एक महिन्याचं भाडं मागितलं, १,८००, आणि तो व्यवहार आम्ही एन११ फॉर्मवर (ऑन्टारिओत घरमालक-भाडेकरूंनी संमतीने भाडेकरार संपवायचा फॉर्म) सही करून लेखी केला होता, तो कागद पुढे फार उपयोगी पडला. लायसन्स आणि वीज जोडणी धरून १५०. एकूण १०,२९१ डॉलर. नवऱ्याचा त्या वर्षीचा कॅल्गरीचा पगार ७२,००० झाला होता, म्हणजे शेवटच्या डॉलरवर फेडरल २०.५ टक्के आणि अल्बर्टाचा १० टक्के असा मिळून ३०.५ टक्के टॅक्स, त्यामुळे वाचले ३,१०० च्या वर. एअरपोर्टच्या टॅक्सीची पावती सापडली नाही, ती आम्ही सोडून दिली. बाकी बहुतेक पावत्या ईमेलमध्ये मिळाल्या, दोन वर्षांनी शोधूनसुद्धा.

जुनं रिटर्न दुरुस्त करायचं असेल तर घाबरू नका, दहा वर्षं मागे जाता येतं, २०२३ चं रिटर्न २०३३ च्या डिसेंबरपर्यंत दुरुस्त होऊ शकतं. नोटीस ऑफ असेसमेंट (रिटर्न तपासून सीआरए पाठवतं ते पत्र) आलेली असली पाहिजे, मग सीआरएच्या माय अकाउंट या ऑनलाइन खात्यामध्ये चेंज माय रिटर्नमध्ये जाऊन लाइन २१९०० ची रक्कम टाकायची. सॉफ्टवेअरमधून रीफाइल करता येतं, किंवा टी१-एडीजे फॉर्म पोस्टाने पाठवता येतो. ज्या वर्षात नवीन ठिकाणचं उत्पन्न होतं त्या वर्षाचं रिटर्न उघडा, चालू वर्षात जुना मूव्ह घुसवू नका.

पावत्या रिटर्नसोबत पाठवायच्या नसतात, पण त्या वर्षानंतर सहा वर्षं ठेवायच्या असतात. आणि मूव्हिंग एक्स्पेन्सेस हा असा क्लेम आहे की सीआरए पुष्कळदा कागदपत्रं मागतं, त्यात संशय घेतला असं काही नसतं, त्यांची तपासणीची पद्धत आहे. पत्र आलं की साधारण ३० दिवस देतात. जास्त वेळ हवा असेल तर मुदत संपायच्या आत फोन करून मागून घ्या, गप्प बसलात तर ते सरळ क्लेम शून्य करतात. मी पाठवताना एकच पीडीएफ केली होती, पहिल्या पानावर खर्चांची यादी आणि प्रत्येक रकमेसमोर पावतीचा नंबर, मग नोकरीचं ऑफर लेटर, दोन्ही लीज, अंतराचे स्क्रीनशॉट, आणि मग नंबर घातलेल्या पावत्या. माय अकाउंटमधूनच अपलोड होतं. बाहेरून परत आलेल्या फॅक्च्युअल रेसिडेंटची बिलं रुपयांत किंवा दिऱ्हॅममध्ये असतील तर बँक ऑफ कॅनडाचा त्या वेळचा दर धरून डॉलर लिहा, आणि बिल मराठी-हिंदीत असेल तर इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर जोडा.

क्लेम नाकारला आणि तुम्हाला खात्री आहे की तुमचं बरोबर आहे, तर ऑब्जेक्शन टाकता येतं. त्याची मुदत नोटीसच्या तारखेपासून ९० दिवस किंवा रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून एक वर्ष, यातलं जे नंतर येईल ते. आमच्या पहिल्या रिटर्नच्या बाबतीत ऑब्जेक्शनचा उपयोग नव्हता, सीआरएचंच बरोबर होतं.

एक वेगळा इशारा. यूट्यूबवर मूव्हिंग डिडक्शनचे जे व्हिडिओ येतात त्यातले खूपसे अमेरिकेचे असतात, आणि त्यांचा कायदा वेगळा. तिथे पूर्वी ५० मैलांचा नियम होता, २०१८ पासून फेडरल टॅक्समध्ये ही सवलत थांबवली आणि २०२५ च्या कायद्याने ती कायमचीच काढली, सैन्यदलातले आणि गुप्तचर खात्यातले लोक सोडून. त्यामुळे अमेरिकेतल्या भावाने सांगितलं की आता काही मिळत नाही, तर ते त्याच्यासाठी खरं आहे, तुमच्यासाठी नाही. आणि उलटही, एच१बी सोडून तिकडून कॅनडात आलेल्यांचा तो येण्याचा खर्च दोन्हीकडे जात नाही.

मग नुकतेच आलेत आणि अजून कॅनडात कुठे हललेच नाहीत, त्यांनी काय करायचं? येण्याचा खर्च विसरा, पण बाकीच्या ज्या गोष्टी खरंच तुमच्या आहेत त्या घ्या. वापरातलं सामान मागून येणार असेल तर बीएसएफ१८६ फॉर्मवर त्याची यादी उतरतानाच बॉर्डरवर द्या म्हणजे ड्यूटी लागत नाही, आणि अशी ड्यूटी न भरता आणलेली वस्तू पहिल्या वर्षात विकू किंवा देऊन टाकू नका, नाहीतर ड्यूटी भरावी लागते. जीएसटी क्रेडिटसाठी (कमी-मध्यम उत्पन्नवाल्यांना सरकारकडून मिळणारे पैसे) आरसी१५१ फॉर्म भरा (मुलं असतील तर चाइल्ड बेनिफिटचा आरसी६६ आणि त्याची पुरवणी), त्यासाठी पहिल्या रिटर्नची वाट बघायची गरज नसते. आणि ज्या दिवशी कॅनडाचे रेसिडेंट झालात त्या दिवशी भारतातल्या तुमच्या शेअर्सची, म्युच्युअल फंडांची, फ्लॅटची बाजारभावाने किंमत काय होती ते लिहून, स्टेटमेंट काढून ठेवा, कारण पुढे विकाल तेव्हा कॅनडा त्या दिवसाची किंमत तुमची खरेदी किंमत धरतं. हे काम पहिल्या महिन्यात दहा मिनिटांचं असतं, सात वर्षांनी त्याच फ्लॅटची त्या तारखेची किंमत शोधत बसावं लागतं.

आणि आजपासून ईमेलमध्ये मूव्हिंग नावाचं एक फोल्डर करून ठेवा. नोकरीची ऑफर कधी येईल सांगता येत नाही, आली की दोन आठवड्यांत बॅगा भरायच्या असतात, आणि त्या धावपळीत प्रत्येक पावतीचा फोटो काढून त्याच दिवशी त्या फोल्डरला पाठवला तरच ती टिकते. थर्मल कागदावरच्या पावत्या वर्षभरात पांढऱ्या पडतात.